रोमच्या शेजारचे सर

बैलांच्या मानेवर ठेवतात ते जू एकदा माझ्या हाताने खाली आले, आणि ते दुसऱ्या एका माणसाच्या हाताने खाली आले असे मी अर्धे आयुष्य लोकांना समजू दिले. तो दुसरा माणूस म्हणजे माझे शिक्षक. मी खोटे बोललो नव्हतो. खोटे बोलायला निदान थोडे धाडस लागते. मी एक खरे वाक्य अशा जागी ठेवून दिले की त्याच्या आड मला उभे राहता आले. आज मी पन्नाशी ओलांडलेला माणूस आहे, आणि सरांविषयी लिहायला बसलो आहे, तर आधी हे सांगून टाकणे भाग आहे. पुढे मी त्यांच्याविषयी जे काही चांगले लिहीन, ते लिहिणारा कोण आहे हे वाचणाऱ्याला ठाऊक असावे.

सरांना हा क्रम पटला असता. त्यांच्यापुढे कुणीही काही सांगू लागला की त्यांचा प्रश्न ठरलेला असे, "सांगतो कोन?" एरवी ते वर्गात बहुधा शुद्ध मराठी बोलत, पण हा प्रश्न मात्र नेहमी वऱ्हाडीत विचारत. स्टाफरूममध्ये कारकून येऊन म्हणे, "सर, परीक्षा पुढे गेली म्हणतात."

"सांगतो कोन?"

"पेपरात आलं आहे."

"पेपरात काय, कशातही येते. रोमनं न्यायासाठी लढाया केल्या, हेही लिहूनच ठेवलं आहे."

कारकून हसून निघून जाई. परीक्षा खरोखरच पुढे गेलेली असे.

चिखलीच्या परिसरातल्या एका कॉलेजात ते इतिहास शिकवत. कॉलेजचे नाव इथे सांगण्याचे कारण नाही. मी त्यांचा विद्यार्थी होतो आणि पुढे त्याच कॉलेजात तासिकेवर शिकवू लागलो. बी.ए.च्या अभ्यासक्रमात तेव्हा प्राचीन रोमचा भाग होता. इतर प्राध्यापक तो गाईडमधून सांगून टाकत. सर मात्र रोममध्ये शिरतच नसत. ते रोमच्या बाहेर, पूर्वेच्या डोंगरांत थांबत आणि वर्गालाही तिथेच थांबवून ठेवत. त्या डोंगरांत सॅम्नाइट नावाचे लोक राहत. मेंढ्या राखत, उंचावर दगडी तटबंदी बांधत, ऑस्कन नावाची भाषा बोलत, आणि राजा न करता आपला कारभार चालवत. रोमशी त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या लढाया झाल्या. शेवटी रोमच्या एका हुकूमशहाने त्यांना असे निपटून काढले की त्यांची भाषाही फार दिवस टिकली नाही.

पोरांनी त्यांचे नाव 'रोमवाले सर' ठेवले होते. ते त्यांच्या कानावर गेले तेव्हा ते वर्गात शांतपणे म्हणाले, "नाव ठेवायला हरकत नाही. पण बरोबर ठेवा. मी रोमवाला नाही. मी रोमच्या शेजारचा."

हे लोक त्यांना कुठे भेटले, असे मी एकदा विचारले होते. ते म्हणाले, "नागपूरला शिकत होतो तेव्हा. वसतिगृहात रोमचा एक जाडजूड इतिहास वाचत होतो. प्रत्येक प्रकरणात हे लोक यायचे आणि हरून जायचे. पुढच्या प्रकरणात परत यायचे. मी म्हटलं, दरवेळी कायमचे हरतात, तर हे परत येतात कुठून? तेव्हापासून त्यांच्या मागे आहे."

इटली त्यांनी पाहिली नव्हती. पासपोर्टही काढला नव्हता. मात्र फळ्यावर ते ऑस्कन अक्षरे सफाईने काढत, आणि ती लिपी जशी लिहीत तशीच, उजवीकडून डावीकडे. एकदा मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, उर्दू शिकवून राह्यले काय?"

"नाही बे. ही भाषा बोलणारा शेवटचा माणूस मेला तेव्हा उर्दू जन्मायला लय अवकाश होता. पण प्रश्न चांगला आहे. ये इकडे."

मग खिशातून शेंगदाणे काढून त्यांनी त्या मुलाच्या तळहातावर ठेवले. भाजलेले शेंगदाणे त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम असत. ते प्रश्न विचारणाऱ्याला मिळत. उत्तर देणाऱ्याला मिळत नसत. "उत्तर तर गाईडमध्येही असतं," असे त्यांचे म्हणणे.

मेहकर रस्त्याने आम्ही दोघे एकदा पायी येत होतो. समोरून मेंढ्यांचा कळप आला. घोड्यावर संसार, मागे कुत्री, सर्वांत मागे काठी घेतलेला धनगर. सर रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. धनगराला वाटले, गिऱ्हाईक आहे.

"मेंढ्या घेता का, साहेब?"

"नाही. एवढंच विचारायचं होतं. डोंगर सोडून खाली केव्हा उतरता?"

"चारा सरला का उतरतो."

"आणि वर परत?"

"चारा आला का."

सरांचा चेहरा उजळला. माझ्याकडे वळून म्हणाले, "पाहिलंस? सॅम्नाइटांच्या मेंढ्यांच्या वाटांवर विद्वानांनी पुस्तकंच्या पुस्तकं लिहिली आहेत. सगळ्याचं सार हेच."

धनगराने त्यांना एकदा नीट न्याहाळले आणि मला हळूच विचारले, "मास्तर हायेत का?"

"हो."

"वाटलंच," तो म्हणाला आणि मेंढ्या हाकत पुढे गेला.

सॅम्नाइटांची एक चाल सरांना विशेष प्रिय होती. मोठे संकट आले की ती माणसे देवाला नवस बोलत, येत्या वसंतात जे जे जन्मेल ते सारे तुझे. जनावरे बळी दिली जात. मुले मात्र वाढवली जात, आणि ती वयात आली की त्यांना गावाच्या सीमेबाहेर काढले जाई. त्यांच्यापुढे देवाचे एक जनावर चाले. ते जिथे थांबेल तिथे या मुलांनी नवे गाव वसवायचे. सॅम्नाइटांच्या पूर्वजांपुढे बैल चालला होता म्हणतात. तो जिथे बसला, तिथे ते राहिले. याला 'पवित्र वसंत' म्हणत. पदवीचे निकाल लागले आणि आमच्या गावची पोरे पिशव्या घेऊन पुण्याला निघाली की सर स्टँडजवळच्या हॉटेलात बसून त्यांच्याकडे पाहत राहत. "आपलाही वसंत निघाला," ते म्हणत. "फक्त यांच्यापुढं बैल नाही, ट्रॅव्हल्सची गाडी आहे. ती बसत नाही कुठं. पोरांना सोडते आणि दुसरी आणायला परत येते."

एका मुलीने वर्गात त्यांना विचारले होते, "सर, सॅम्नाइट म्हणजे आपल्यासारखेच ना? म्हणजे ज्यांना दाबलं गेलं ते?" आम्ही सगळे सावरून बसलो. सर बौद्ध होते. हे आमच्या गावात सर्वांना ठाऊक होते आणि ठाऊक असल्याचे कुणी दाखवत नसे. आमच्या सभ्यपणाची मजल तेवढीच होती. सरांनी तिला शेंगदाणे दिले, मग म्हणाले, "नाही. ते म्हणजे तेच. दुसऱ्याच्या हारीवर आपलं नाव लिहू नये. आपल्याजवळ आपलं पुष्कळ आहे, ते वेगळं लिहू." हे उत्तर मला तेव्हा कोरडे वाटले होते. आज वाटते, एका मेलेल्या लोकसमूहाचा इतका आदर करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आता जुवाची गोष्ट सांगतो.

सॅम्नाइटांनी एकदा रोमची अख्खी फौज एका खिंडीत कोंडली होती. दोन्ही तोंडांना झाडे आणि दगड टाकून वाट बंद केली. रोमनांना पुढे जाता येईना, मागे फिरता येईना. आता यांचे करायचे काय, हे सॅम्नाइटांच्या सेनापतीला सुचेना. त्याने आपल्या म्हाताऱ्या बापाला विचारायला माणूस पाठवला. बापाचा निरोप आला, सगळ्यांना सन्मानाने घरी जाऊ दे. सेनापतीला हे रुचले नाही. त्याने पुन्हा विचारले. या वेळी निरोप आला, सगळ्यांना मारून टाक. लोकांना वाटले, म्हातारा चळला. त्याला गाडीत घालून छावणीत आणले. तो म्हणाला, सोडलेस तर मित्र मिळतील, मारलेस तर शत्रू उरणार नाहीत, मधले काही करशील तर दोन्ही गमावशील. मुलाने मधलेच केले. दोन भाले उभे रोवून त्यांवर तिसरा आडवा बांधला, आणि रोमनांना शस्त्रे व चिलखते काढून, अंगावरच्या एका कपड्यानिशी, एकामागून एक त्याखालून वाकून जायला लावले. ह्याला ते जू म्हणत. रोमन तो अपमान कधी विसरले नाहीत.

"म्हातारा बरोबर की पोरगा?" सर दरवर्षी विचारत. स्वतःचे उत्तर मात्र त्यांनी कधी सांगितले नाही.

मी तासिकेवर शिकवत होतो तेव्हा एका वर्षी त्यांच्या मनात आले की हा धडा मैदानावर घ्यावा. भाल्यांऐवजी खरेच जू आणावे. मी म्हटले, "सर, पुस्तकात तर भाले आहेत." ते म्हणाले, "भाला या पोरांनी पाहिला आहे काय? जू म्हटलं की यांच्या मानेला आपोआप कळतं." त्यांची चूक झाली असेल तर एवढीच. आमच्या भागात जुवाखाली कुणाची मान असावी याविषयी पुस्तकापेक्षा जुन्या समजुती आहेत, आणि त्या भाल्याला लागू होत नाहीत. पोळा नुकताच झाला होता. कॉलेजमागच्या शेतकऱ्याने आपले जुने जू दिले. त्यावर हळदीची बोटे अजून पिवळी होती.

जुवाचे एक टोक कडुलिंबाच्या खोडाला दोरीने बांधले. दुसरे टोक मी धरले. सरांनी मला बजावले, "उंच धर. कुणालाही थोडी मान लववावी लागेल, एवढंच. कमी वाकूनही माणसाला किती लागतं, ते कळलं पाहिजे." मग चपला काढून सर्वांत आधी ते स्वतः त्याखालून गेले. पलीकडे जाऊन उभे राहिले. मग ज्यांना इच्छा होती ती मुले गेली. काही हसत गेली आणि पलीकडे जाताना गप्प झाली. धडा साधत होता.

शेवटी एक मुलगा उरला. मोठ्या बागायतदाराचा मुलगा, वडील कॉलेजच्या संस्थेचे संचालक. मित्रांनी ढकलले तसा तो पुढे आला आणि मोठ्याने म्हणाला, "हे बैलाचं काम हाय सर. आमच्या घरी याच्यासाठी गडी हायेत." सगळे हसले.

ते हसू त्याला मिळाले, हे मला सोसले नाही. मीही शेतकऱ्याच्याच घरचा. आमचे शेत त्यांच्या शेताच्या बांधाला लागून, आकाराने त्याच्या एका कोपऱ्याएवढे. त्याच्या बोलण्यातला 'गडी' मला लागला, असे मी पुढे पुष्कळ दिवस स्वतःला सांगत आलो. पण खरे पाहिले तर मला फक्त त्याच्याहून मोठा हशा हवा होता. तो वाकून निम्मा आत आला होता, आणि मी माझ्या हातातले टोक एकदम खाली केले. तो गुडघ्यांवर आला. पोळ्यानंतरची ओल जमिनीत होती. त्याचे हातही चिखलात टेकले. मैदानावर हशा फुटला. तो माझा होता, आणि क्षणभर मला फार बरे वाटले.

सर समोर उभे होते. त्यांनी पाहिले. ते धावत आले, दोन्ही हात जुवावर घातले आणि ते वर उचलले. मुलाने मान वर केली तेव्हा त्याला सर्वप्रथम दिसले ते सरांचे हात. मागे उभ्या असलेल्या मुलांनाही तेच दिसले. मी तोपर्यंत हात सोडून बाजूला झालो होतो.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या खोलीत संस्थेचे अध्यक्ष, मुलाचे वडील, सर आणि मी, असे बसलो. वडील सरांकडे न पाहता बोलत होते. "माह्या पोराले बैलावानी वाकोलं. भर मैदानात. अन् वाकोलं कोनं?" पुढचे शब्द त्यांनी गिळले. ते त्यांना कुणी विचारलेही नाहीत. खोलीतल्या प्रत्येकाला ते ऐकू गेले होते.

प्राचार्य माझ्याकडे वळले. "जू तुम्ही धरलं होतं ना? नेमकं काय झालं?"

मी त्या वेळी पंचविशीत होतो. कायम होण्याचा माझा प्रस्ताव याच लोकांपुढे होता. पण भीतीपोटी गप्प राहिलो असे म्हणणे म्हणजे स्वतःला फार स्वस्तात सोडणे होईल. भिण्यासारखे काही नव्हते. मी म्हटले असते की माझ्या हातून झाले, तर वडील म्हणाले असते, "काऊन बे, आपल्याच पोराची मजा घेता काय?" आणि चहा आला असता. माझ्या हातून ती थट्टा ठरली असती. सरांच्या हातून तो अपमान ठरत होता. हा फरक मला त्या क्षणी पुरेपूर कळला. कळला, आणि सोयीचा वाटला.

मी म्हणालो, "सरांचे हात जुवावर होते."

वाक्यातला शब्द न् शब्द खरा होता.

अध्यक्षांनी सरांना विचारले, "तुमचं काही म्हणणं?"

"तास माझा होता," सर म्हणाले. "जे झालं ते माझ्या तासाला झालं." त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. पाहिले असते तर कदाचित मी बोललो असतो. कदाचित म्हणूनच पाहिले नाही. हे मला आजही ठरवता येत नाही.

अध्यक्षांनी दोन्ही हात टेबलावर पसरले. "हे पाहा सर, तुमच्या नोकरीले धक्का लावायचा नाही. अन् काहीच झालं नाही, असंही करता येत नाही. आपन मधला मार्ग काढू. सोमवारी सभागृहात पोरांसमोर दोन शब्द माफीचे बोला. झालं."

सरांच्या ओठांवर हसू आले. "म्हाताऱ्याचं ऐकायला पाहिजे होतं," ते म्हणाले.

"कोन म्हातारा?"

"जुनी गोष्ट आहे."

खोलीत ती गोष्ट ठाऊक असलेला मी एकटाच होतो. मी टेबलावरच्या काचेकडे पाहत राहिलो.

सोमवारी सभागृह भरले होते. तो मुलगा पहिल्या रांगेत होता. त्याला तिथे बसवले होते. सर पायऱ्या चढून वर गेले. "माझ्या तासाला एका विद्यार्थ्याचा अपमान झाला. तास माझा होता. मी त्याची माफी मागतो." एवढेच बोलून ते खाली आले. मी केले, असे ते म्हणाले नाहीत. दुसऱ्या कुणी केले, असेही नाही. मी मागे भिंतीशी उभा होतो. व्हरांड्यात त्यांना गाठून मी 'सर' एवढेच म्हणालो. ते थांबले. विद्यार्थी असल्यापासून ते मला अरे-तुरे करत. कधी लाडात आले की 'बे' म्हणत. त्या दिवशी म्हणाले, "तुमचा तास असेल ना आता? जा तुम्ही." त्यानंतर त्यांनी मला कधी 'तू' म्हटले नाही. दुसरी कुठलीही शिक्षा त्यांनी मला केली नाही.

सॅम्नाइटांचे तास तिथेच थांबले. सर उरलेली नोकरी गाईडमधून शिकवत राहिले आणि मुदतीआधीच निवृत्ती घेऊन जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, सोनाळ्याला राहायला गेले. तिथे त्यांच्या पत्नीकडची थोडी जमीन होती. जाताना स्टाफरूममध्ये म्हणाले, "तिथून सातपुडा दिसतो. रोमच्या शेजाऱ्याला डोंगर लागतो." सगळे हसले. मीही हसलो.

मी कायम झालो, पुढे विभागप्रमुखही झालो. रोमचा भाग मी अनेक वर्षे शिकवला. 'रोमने आसपासच्या डोंगरी टोळ्यांचा पराभव केला,' या एका वाक्यात मी ते सगळे लोक उरकत असे. सर नेहमी सांगत की सॅम्नाइटांनी स्वतःविषयी लिहिलेले जवळजवळ काही उरले नाही. त्यांच्याविषयी जे कळते ते बहुतेक जिंकणाऱ्यांच्या लिहिण्यातून. ते वाचताना जिंकणाऱ्याचा हात कुठे आहे ते शोधावे, असे त्यांचे सांगणे. सरांची ही गोष्टही आज मीच लिहितो आहे, आणि तिच्यात जिंकलेला मी आहे.

मागच्या हिवाळ्यात कॉलेजच्या एका कार्यक्रमात तो मुलगा भेटला. मुलगा म्हणायचे, पण आता चांगला पंचेचाळिशीच्या पुढचा गृहस्थ, वडिलांच्या जागी संस्थेवर. जेवणाच्या रांगेत ताट हातात घेऊन म्हणाला, "सर, ते रोमवाले सर आठवतात काय तुम्हाले? काय शिकवत बाप्पा ते. मले अजून ते बैलामागं जाणारे लोक आठवतात." मग म्हणाला, "माह्याशी काऊन तसे वागले, हे मात्र मले कधी समजलं नाही. मी काय वाईट केलं होतं त्याइचं?"

मी भाजी वाढून घेतली.

घरी येऊन मला बसवेना. एका माणसाला न केलेल्या अपराधाची माफी मागावी लागली, आणि दुसऱ्याने भलत्याच माणसाच्या नावावरचा अन्याय आयुष्यभर जपून ठेवला. दोघांच्या मध्ये मी उभा होतो, आणि माझ्या अंगावर काहीही आले नव्हते. त्याला मी दुसऱ्या दिवशी फोन केला आणि काय घडले ते सांगितले. त्याने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाला, "मले सांगून काय उपयोग सर? त्याइले सांगा." आणि फोन ठेवला.

रविवारी मी निघालो. नांदुऱ्याला गाडी बदलून सोनाळ्याला पोचलो तेव्हा ऊन चांगले वर आले होते. घर सापडायला वेळ लागला नाही. अंगणात खाटेवर सर बसले होते. फार वाळले होते, पण बसणे तसेच ताठ. शेजारच्या अंगणात दोन बाया तुरीच्या शेंगा सोलत होत्या. कुंपणापलीकडे एक माणूस फवारणीचा पंप उघडून बसला होता. सरांची सून पाणी घेऊन बाहेर आली.

"बाबाले ऐकू येत नाही, भाऊ. जोरात बोला. मशीन आनून देली, पन लावत नाहीत."

"मशीन लावलं की सगळंच सारखं ऐकू येतं," सर म्हणाले. सून काय सांगत असणार हे त्यांना पाठ असावे. "कावळाही तेवढाच, माणूसही तेवढाच. कोण आलं आहे?"

मी समोर जाऊन बसलो. त्यांनी डोळे बारीक केले. ओळखले. "तुम्ही होय. इतक्या लांब कसे आलात?"

मी बोलायला सुरुवात केली. मुळात माझा आवाज लहान आहे. वर्गातही शेवटच्या बाकापर्यंत तो जात नसे. पण त्या दिवशी मी त्याहूनही हळू बोललो. मनात कुठेतरी मी पुन्हा सोय पाहत होतो. सांगितल्याचे समाधान मिळावे, आणि ऐकणाऱ्यापर्यंत ते पोचू नये. माझे सगळे बोलून झाले. सरांनी कानामागे हात धरला होता.

"काहीच ऐकू आलं नाही," ते म्हणाले.

मी आवाज थोडा चढवला. जुवाचा विषय आहे, इतके सांगून झाले. बाया सोलायच्या थांबल्या आणि माझा आवाज पुन्हा खाली आला.

"अर्धं ऐकू आलं," सर म्हणाले. "अर्ध्या गोष्टीवर मी काही बोलत नाही. पूर्ण सांगा."

त्यांना किती ऐकू आले होते, मला माहीत नाही. पंप दुरुस्त करणारा माणूस आता उघडच इकडे पाहत होता. सून दारात उभी राहिली होती. मी उठून उभा राहिलो. एवढ्या मोठ्याने मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो. स्वतःचाच आवाज मला अनोळखी वाटला.

"सर, त्या दिवशी जू मी खाली केलं. त्या मुलाला मी पाडलं. तुमचे हात ते उचलत होते, आणि मी ते पाहिलं होतं. मला विचारलं तेव्हा मी सांगितलं नाही. मी सांगितलं असतं तर मला कुणी काही केलं नसतं, हे मला माहीत होतं. तुम्ही कोण आहात आणि मी कोण आहे, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं, आणि त्याचा मी फायदा घेतला. सभागृहात तुम्ही माफी मागितली, ती माझी होती. मी भिंतीशी उभा राहून ती ऐकली. सर, माझं चुकलं."

सरांनी कानामागचा हात खाली घेतला.